मांजरांच्या ट्रेसाठी लाकडी गोळ्या: माझा अनुभव

आमच्या मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये पूर्वी बेंटोनाइट माती असे. ओलावा लागताच ती फुगून घट्ट ढेकळे धरते, हे सोयीचे खरे. पण तिची धूळ घरभर बसते, ती कुजत नाही आणि मोरीत गेली तर नळी तुंबवते. सोयाबीनच्या चोथ्याचे टोफू लिटर (लिटर म्हणजे ट्रेमध्ये पसरायचे शोषक दाणे) वापरून पाहिले, मात्र कोकणातल्या पावसाळी दमट हवेत त्याला बुरशी येऊ लागली. अखेर पाइनचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या आणल्या: मूत्र शोषताच त्या फुटून त्यांचा भुसा होतो, तो चाळणीच्या ट्रेमधून खाली पडतो आणि वर कोरड्या गोळ्याच उरतात. मांजरांना नवा स्पर्श चटकन रुचत नाही (थोरली तर पंजा झटकून तडक निघून गेली), त्यामुळे जुन्या मातीत गोळ्यांचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले. विष्ठा मात्र रोज उचलावीच लागते, कारण तिच्यात टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू असल्यास तो १ ते ५ दिवसांत संसर्गक्षम होतो; म्हणूनच ती, किंवा वापरलेला भुसा, भाजीच्या खतात घालू नये, मग पाकिटावर ‘जैवविघटनशील’ असे कितीही ठळक छापलेले असो. गर्भवती स्त्रीने तर ट्रे साफ करण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे.