सारखा थकवा येतोय? टॉनिकची बाटली आणण्याआधी हे वाचा

दुपारचे चार वाजले की अंगात त्राणच उरत नाही, दोन जिने चढले की धाप लागते, कंगव्यात केसांचा पुंजका येतो, आणि घरात सांगितलं तर "दगदग होतेय, जरा आराम कर" एवढंच ऐकायला मिळतं. आपल्याकडे बायकांचा थकवा कोणी मनावरच घेत नाही, बायका स्वतःही घेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना ॲनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) निघालाय, म्हणजे निम्म्याहून जास्त!

आधी एक बघा, दोन-चार दिवस नीट झोप झाली की बरं वाटतं का? वाटत असेल तर प्रश्न झोपेचा आहे. पण सात-आठ तास झोपूनही सकाळी अंग जड आणि असं दोन-तीन आठवडे चाललंय तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासा. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी), फेरिटिन, व्हिटॅमिन बी12, थायरॉइडसाठी टीएसएच आणि शुगर, एवढं बहुतेक वेळा विचारात घेतलं जातं.

यातलं फेरिटिन बरेचदा राहून जातं. हिमोग्लोबिन 12 च्या वर दिसलं की रिपोर्ट नॉर्मल म्हणून फाईलला लागतो, पण फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, ते हिमोग्लोबिनच्या आधी संपायला लागतं आणि थकवा तेव्हापासूनच जाणवू शकतो. पाळीत जास्त रक्त जात असेल तर हे नक्की विचारा. फक्त ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना ही टेस्ट करू नका, तेव्हा फेरिटिन खोटंच जास्त दिसतं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, चहाने लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा टाकतात ना, तो तासभर तरी पुढे ढकला. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगलं, शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. पोट बिघडलं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, कधीकधी ते एक दिवसाआड घ्यायला सांगतात. आणि महिनाभरात तरतरी आली म्हणून कोर्स मध्येच सोडायचा नाही, हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात.

खाण्यात हळीव, पालेभाज्या, मटकी, चवळी घ्या, वरून लिंबू पिळा, भाजी-आमटी लोखंडी कढईत करा. खात असाल तर कलेजी उत्तम. पण लोह फारच कमी असेल तर नुसत्या गूळ-खजुरावर ते भरून निघत नाही, हे स्पष्ट सांगते.

शाकाहारी असाल तर बी12 कडे लक्ष द्या. पायाला मुंग्या येणं, विसरभोळेपणा, जिभेची आग ही त्याची लक्षणं. डायबिटीसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर मांसाहारी माणसाचंही बी12 कमी होतं.

घरातले पुरुष रात्री जोरात घोरतात आणि दिवसा पेपर वाचता वाचता डुलक्या घेतात, त्याला "गाढ झोपतात" म्हणू नका, झोपेत श्वास अडकत असू शकतो, तेही तपासून घ्या. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी बंद, कारण पाच तासांनीही त्यातलं जवळपास निम्मं कॅफिन अंगात असतं.

थकव्यासोबत छातीत दुखतंय, बसल्या बसल्या धाप लागतेय किंवा गोळ्या चालू नसतानाही शौचाला काळं होतंय तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वजन आपोआप उतरतंय, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला-ताप आहे तर टीबीची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.