वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी : शस्त्रक्रियेची तयारी कशी करावी

चाळीस-पन्नास किलो वजन उतरले, कपड्यांचे माप बदलले, तरी ओटीपोटावरची घडी, दंडाखालची झोळ आणि मांड्यांची सैल कातडी तशीच राहते. वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतले लवचीक तंतू तुटलेले असतात, त्यामुळे व्यायामाने स्नायू भरतात, पण कातडी आवळत नाही, आणि क्रीम चोळूनही नाही. लायपोसक्शनने फक्त चरबी निघते; कातडी आणखी सैल दिसण्याचीही शक्यता असते. उपाय एकच, जादा कातडी कापून काढणे, आणि त्याच्या बदल्यात लांब व्रण कायमचा पत्करणे. हा सौदा मनाला पटत नसेल, तर पुढे जाऊ नये.

घाई हीच या शस्त्रक्रियेतली सर्वांत महाग चूक. बॅरिएट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावे आणि वजन किमान सहा महिने एकाच जागी टिकलेले असावे. नंतर आणखी दहा किलो उतरले, तर कातडी पुन्हा लोंबते. वाढले, तर टाक्यांवर ताण येतो. पुढे मूल हवे असेल, तर पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतरच करावी.

या काळात रक्ताची तपासणी करून हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने पाहावीत. पोट लहान झालेल्या माणसाला दोन घासांत तृप्ती येते आणि प्रथिने मागे पडतात; मग जखम भरायची कशाने? जेवताना वरण, उसळ, पनीर, अंडी किंवा मासे आधी आणि भात शेवटी, हा क्रम ठेवावा. तंबाखू, सिगारेट आणि मशेरी किमान चार आठवडे आधी बंद करावी, कारण निकोटिनमुळे कातडीच्या कडेचा रक्तपुरवठा घटतो आणि ती कड काळी पडून टाके उसवतात. रक्त पातळ करणारी गोळी किंवा वजन घटवणारे सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन चालू असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. अशा इंजेक्शनाने जठर हळू रिकामे होते, आणि भुलेत असताना उरलेले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते.

शल्यविशारद निवडताना प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी पाहावी आणि वजन उतरलेल्या रुग्णांची स्वतः केलेली कामे दाखवायला सांगावीत. पोट, दंड, मांड्या, छाती हे सगळे एकाच दिवशी उरकून देतो, असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. टप्प्यांमध्ये तीन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवण्याची पद्धत आहे. विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. मात्र घडीखाली वारंवार पुरळ येऊन कातडी सोलवटत असेल, तर त्याचे फोटो आणि औषधोपचाराचे कागद जपून ठेवावेत आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

शस्त्रक्रियेआधी सर्जन रुग्णाला उभे करून कातडीवर पेनाने रेघा आखतात, कारण आडवे झाल्यावर झोळ बाजूला सरकते. परकराची नाडी किंवा पॅन्टचा पट्टा नेहमी कुठे बसतो, हे त्याच वेळी दाखवावे, म्हणजे व्रण शक्यतो त्याखाली झाकता येतो. पोटाच्या शस्त्रक्रियेत बेंबी आपल्या देठावर जागीच राहते आणि खाली ओढलेल्या कातडीत तिच्यासाठी नवे भोक पाडले जाते.

घरी येण्याआधी झोपायची व्यवस्था बदलावी. पाठीमागे दोन उशा, गुडघ्यांखाली एक, म्हणजे पोट ताणले जात नाही. पहिले काही दिवस कमरेत वाकूनच चालावे लागते. जमिनीवर मांडी घालणे आणि उकिडवे बसणे सर्जन सांगतील तोवर टाळावे, म्हणून कमोडची सोय आधीच करावी. ड्रेन, म्हणजे जखमेत साचणारे पाणी बाहेर काढणारी नळी, लावलेली असेल, तर तिच्यातले पाणी रोज ठरल्या वेळी मोजून वहीत लिहावे. ते दिवसाला सुमारे ३० मिलीच्या खाली आले की बहुधा नळी काढतात. आवळपट्टा अनेकदा सहा आठवडे वापरावा लागतो. घरी आल्याच्या दिवसापासूनच घरात थोडे-थोडे चालणे गरजेचे आहे, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. एकच पोटरी सुजली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ताप आला, टाक्यांना वास येऊ लागला किंवा नळी काढल्यावर कातडीखाली पाणी डुचमळू लागले, तर सर्जनला त्याच दिवशी कळवावे.

व्रण पहिले काही महिने लाल आणि टणक राहतो. तो फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते, तेव्हा तिसऱ्या महिन्यात आरशासमोर उभे राहून निकाल लावू नये.