वेबसाइटच्या फाइल क्लाउडवर हलवताना या चुका टाळा

फाइल कॉपी करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. आरक्लोनला (फाइल क्लाउडवर नेणारं साधन) एक आज्ञा दिली की रात्रभरात हजारो फोटो बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या साठवणुकीच्या कप्प्यात, जाऊन पडतात. डोकेदुखी सकाळी सुरू होते.

पहिली तक्रार ठरलेली: फोटो दिसत नाही, डाउनलोड होतो. जुना सर्व्हर फाइलचं एक्स्टेन्शन बघून ब्राउझरला प्रकार कळवायचा. एस३, म्हणजे अमेझॉनची फाइल साठवायची सेवा, तसं करत नाही. अपलोड करताना जो कंटेंट-टाइप (फाइलच्या प्रकाराची नोंद) लावला, तोच कायम. स्वतःच्या स्क्रिप्टने फाइल चढवताना तो द्यायचा राहिला, तर ‘बायनरी/ऑक्टेट-स्ट्रीम’ हा सरसकट प्रकार लागतो आणि एसव्हीजी लोगो पानावरून गायब होतात. हा मेटाडेटा (फाइलसोबतची माहिती) जागच्या जागी बदलता येत नाही, ऑब्जेक्ट, म्हणजे बकेटमधली फाइल, स्वतःवरच पुन्हा कॉपी करावा लागतो. ते करतानाच कॅश-कंट्रोलही (ब्राउझरने फाइल किती काळ जपून ठेवायची ती सूचना) लावून टाका, दुसरी खेप वाचेल.

मग ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. एप्रिल २०२३पासून एस३च्या नव्या बकेटमध्ये पब्लिक अ‍ॅक्सेस बंद आणि एसीएलही (फाइलगणिक परवानग्यांच्या याद्या) बंद असतात. जुने प्लगिन अजून ‘पब्लिक-रीड’ एसीएल पाठवतात आणि अपलोडच अडतो. अशा वेळी वैतागून सगळी कुलपं काढू नका. बकेट खाजगीच ठेवा, पुढे क्लाउडफ्रंटसारखा सीडीएन (फाइल वाचकांपर्यंत पोचवणारं सर्व्हरचं जाळं) लावा आणि वाचायची परवानगी फक्त त्याला द्या. यात एक गंमतही आहे: यादी पाहायची परवानगी नसेल तर एस३ नसलेल्या फाइललाही ४०४ (‘फाइल सापडली नाही’) ऐवजी ४०३ देतो. त्यामुळे तासभर परवानग्यांची पॉलिसी खरवडण्याआधी फाइलचं नाव तपासा. विंडोज सर्व्हरवर ‘फोटो’च्या स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, याने फरक पडत नव्हता, इथे त्या दोन वेगळ्या फाइल आहेत.

सगळ्यात महाग पडतो तो फाइलच्या पत्त्यांचा (यूआरएलचा) घोळ. बकेटचा पत्ता थेट डेटाबेसमध्ये लिहिला, की उद्या सेवा बदलताना पुन्हा हीच कसरत. पहिल्या दिवसापासून स्वतःचा सबडोमेन वापरा. वर्डप्रेसमध्ये तर एसक्यूएलने सरसकट ‘शोधा आणि बदला’ करूच नका. तिथे बऱ्याच सेटिंग सीरियलाइज्ड असतात, म्हणजे मजकुरासोबत त्याची लांबीही नोंदलेली असते. पत्ता लांबला आणि आकडा तोच राहिला, की ती सेटिंग वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआयचा (वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन) सर्च-रिप्लेस हे सांभाळतो. आधी ड्राय-रन, म्हणजे काहीही न बदलता चाचणी, मात्र करा.

पत्ते बरोबर असूनही फॉन्ट बिघडले, तर दोष सीओआरएसचा, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या फाइल वापरायच्या ब्राउझरच्या नियमाचा. दुसऱ्या डोमेनवरून येणारा फॉन्ट परवानगीचा हेडर नसेल तर ब्राउझर वापरत नाही.

आरक्लोनमध्ये ‘सिंक’ आणि ‘कॉपी’ एक नव्हेत. स्रोतात नसलेली फाइल ‘सिंक’ बकेटमधूनही पुसतो. स्थलांतर चालू असताना वाचकांनी थेट बकेटमध्ये चढवलेले नवे फोटो असेच जातात. ‘कॉपी’ वापरा, शेवटी दोन्हीकडच्या फाइल ताडून पाहणारा ‘चेक’ चालवा.

बिलाचं म्हणाल तर साठवणुकीपेक्षा बाहेर जाणारा डेटा जास्त खातो. क्लाउडफ्लेअर आर२ ही एस३सारखीच सेवा त्याचे पैसे घेत नाही. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यांत चढवलेले) अपलोड फाइलच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं चालूच राहतं. ते आपोआप पुसणारा लाइफसायकल नियम लावा.

जुन्या सर्व्हरवरच्या फाइल लगेच उडवू नका. जुन्या पत्त्यांवर ३०१ (कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणारं उत्तर) लावा आणि सर्व्हरचा लॉग बघत राहा. तिथे अपलोड फोल्डरची मागणी येते आहे तोवर कुठेतरी एखादा जुना पत्ता शिल्लक आहे.