रोगप्रतिकारक पेशींसाठी रेफरन्स जीन कसे निवडावेत

क्यूपीसीआरने एखाद्या जीनची वाढ-घट मोजताना ज्या स्थिर जीनच्या आकड्याने भागतात, तो रेफरन्स जीन. फायकॉलवर (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) पेशी वेगळ्या करणं, आरएनए काढणं, उरलेला डीएनए घालवायला डीएनेज देणं, सीडीएनए (आरएनएवरून डीएनएची प्रत) बनवणं तुम्हाला येतं असं धरतो. फक्त रक्त आणण्याबद्दल एक सांगतो. आमच्या वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आर्वीकडच्या गोठ्यातून गवळाऊ गाईचं रक्त आणायचं तर पहाटेच निघा. नळ्या थंड डब्यात ठेवा, पण थेट बर्फावर नको. गोठा ते फायकॉल हा वेळ सगळ्या नमुन्यांचा सारखा ठेवा, कारण रक्त नुसतं पडून राहिलं तरी पेशींमधल्या जीनची पातळी बदलते.

आता आठ-दहा उमेदवार जीन घ्या, आणि ते वेगवेगळ्या कामांचे असू द्या, जसे आरपीएलपी०, टीबीपी, एसडीएचए, वायडब्ल्यूएचएझेड, एचपीआरटी१, पीपीआयए. प्रयोगात इंटरफेरॉन (पेशींनी सोडलेलं विषाणूविरोधी संदेश-प्रथिन) असेल तर बी२एम हा जीन घेऊच नका, इंटरफेरॉनने तो वाढतो. १८एस (रायबोसोमचा आरएनए) घ्यायचा तर सीडीएनए बनवताना रँडम प्रायमर (प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरा; त्याला पॉली-ए शेपूट नसते, म्हणून त्या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीवर भरवसा ठेवता येत नाही.

प्रत्येक प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत बसवा (१०० टक्के म्हणजे दर फेरीत प्रती दुप्पट).

खरी गोम पुढे आहे. जीनॉर्म, नॉर्मफाइंडर ही स्थिर जीन शोधणारी सॉफ्टवेअर उघडण्याआधी कच्च्या सीटी आकड्यांकडे (किती फेऱ्यांनी जीन दिसू लागला; आकडा कमी तर जीन जास्त) डोळ्यांनी बघा. मी ते केलं नव्हतं. कॉन-ए (टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींना उत्तेजित करणारं प्रथिन) देऊन ४८ तास ठेवलेल्या पेशी आणि साध्या पेशी, दोन्हींचा आरएनए तोलून सारखा घेतला होता आणि भागायला एकटा गॅपडीएच. ज्या जीनची वाढ मोजायची होती ती दिसेचना. दीड महिना मी कॉन-ए आणि प्रायमर बदलत बसलो. शेवटी वही उघडून दोन रांगा शेजारी लिहिल्या, तेव्हा कळलं: उत्तेजित पेशींत गॅपडीएचचाच सीटी दोनने खाली आला होता. दोन सीटी म्हणजे चौपट. टी-पेशी जागी झाली की ग्लुकोज जाळायला लागते, आणि गॅपडीएच त्याच कामातला जीन आहे. माझ्या जीनची चौपट वाढ मीच भागून टाकली होती.

आमच्याकडे कापसाची बंडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. मधे पाऊस येऊन बंडी भिजली तर कापसाचं वजन चुकणारच. रेफरन्स जीन म्हणजे ती बंडी. ‘सगळेच गॅपडीएच वापरतात’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. क्यूपीसीआरचे प्रयोग कसे करावेत-मांडावेत याच्या २००९ च्या माइक (MIQE) मार्गदर्शक तत्त्वांतही पुराव्याशिवाय एकाच जीनवर विसंबणं मान्य नाही.

जीनॉर्मचा एक सापळा मात्र लक्षात ठेवा. दोन जीन जोडीने वर-खाली होत असतील तर ते त्यांनाच सर्वांत स्थिर ठरवतं, कारण ते जोड्यांमधला फरक बघतं. रायबोसोमचे दोन जीन यादीत घातले तर तेच पहिले येतील, मग दोघेही उत्तेजनाने वाढत का असेनात. म्हणूनच वर म्हटलं, वेगवेगळ्या कामांचे जीन घ्या. नॉर्मफाइंडरमध्ये ‘उत्तेजित’ आणि ‘साधे’ असे गट पाडूनच आकडे भरा. गटांमधला फरक तो वेगळा धरतो. दोघांचं पटलं नाही तर मी कच्च्या सीटीचं ऐकतो: समान आरएनएवर दोन्ही गटांत ज्याची रांग सरळ, तो जीन माझा.

किती जीन घ्यायचे? जीनॉर्मचा व्ही२/३ आकडा (दोनाऐवजी तीन जीन घेतले तर निकाल किती हलतो ते सांगणारा) ०.१५ च्या खाली असेल तर दोन पुरतात. मी तरी तीनच घेतो. त्यांच्या प्रमाणांची भूमितीय सरासरी काढा आणि तिने भागा.

शेळीचं रक्त घेतलंत, कॉन-एऐवजी एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) दिलंत किंवा ४८ ऐवजी ६ तास ठेवलंत, तर ही निवड पुन्हा पहिल्यापासून करा. गाईचा निकाल शेळीला लावून मोकळे होऊ नका.