गेमच्या नामावलीसाठी गाणं बसवताना

गेम संपून ती बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकू लागतात तेव्हा खेळणाऱ्याने कंट्रोलर मांडीवर टाकलेला असतो. इतके तास हात चालू होते, आता काही करायचं नाही. आपलं गाणं त्या रिकाम्या हातांसाठी. त्यामुळे गोष्ट पुन्हा सांगत बसू नका, ती त्यानेच खेळली आहे.

आधी ठरवा, गातंय कोण. माझ्या एका छोट्या गेममध्ये दीपगृह राखणारी म्हातारी शेवटी दिवा खेळणाऱ्याच्या हवाली करून निघून जाते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, ‘अंधार हरला, जिंकलास तू’. बक्षीस समारंभाची ओळ! चार दिवसांनी खोडली आणि म्हातारीलाच बोलू दिलं: ‘वाती वळून ठेवल्यात, तेल तेवढं घालत जा’. 2007 च्या ‘पोर्टल’ या गेममध्येही खेळभर आपल्या जिवावर उठलेली ग्लॅडॉस ही संगणक-खलनायिकाच शेवटी गाते, म्हणून ते गाणं लक्षात राहतं.

चालीसाठी लांब जाऊ नका. मेनूत वाजणारे चार सूर मी दुप्पट संथ करून मुखड्यात घेतले. ओळखीचे वाटतात, पण कुठले ते चटकन आठवत नाही. लांबवायच्या सुरावर ‘आ’ किंवा ‘ओ’ येईल असं बघा. ‘जा’वर गायिका आरामात थांबते, जोडाक्षरावर अडकते.

आता हिशेब. नामावली किती सेकंदांची, हे पहिल्याच दिवशी विचारा. माझी 260 ची होती. मिनिटाला 80 ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा बार 3 सेकंदांचा, म्हणजे 86 बार होऊन वर दोन सेकंद लोंबकळतात. लय 78 वर आणून 84 बार लिहिले. दोनशे साडेअठ्ठावन्न सेकंद झाले, उरलेल्या दीड सेकंदात शेवटचा सूर विरतो.

एवढं जुळवलं आणि ऐन वेळी अनुवादकांची नावं वाढली! गाणं संपल्यावर बावीस सेकंद नावं मुकाट सरकत राहिली. तेव्हापासून आठ बारांचा, गायन नसलेला, फिरत राहणारा तुकडा मी सोबत देतोच. त्यात रिव्हर्बची, म्हणजे शेवटी घुमत राहणाऱ्या आवाजाची, शेपटी तुकड्याच्या सुरुवातीवर मिसळून घ्या, नाहीतर जोडावर खटका बसतो. एमपी3 मध्ये तर देऊच नका, फाइलच्या टोकांना शांततेची फट राहते. 48 किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही फाइल द्या, आवाज वेगळा, वाद्यं वेगळी.

आणि गाणं सुटं ऐकून पास करू नका. शेवटची लढाई खेळा, दोनदा हरा, मग नावं येऊ द्या. मी असं केलं तेव्हा म्हातारी फारच लवकर बोलू लागली, असं वाटलं. मधल्या संगीतातले दोन बार काढले आणि सुरुवातीला तेवढाच वेळ नुसता लाटांचा आवाज ठेवला.