लांब कॅट-५ई केबलवरून आलेल्या व्हीजीए चित्रातील रंग सरकणे: माझा अनुभव

सभागृहातील प्रोजेक्टरपर्यंत सुमारे 80 मीटर कॅट-५ई केबलवरून (संगणक-नेटवर्कसाठी वापरली जाणारी, तारांच्या चार पिळलेल्या जोड्यांची केबल) 1024×768 पिक्सेलचे व्हीजीए चित्र (यात लाल, हिरवा व निळा रंग वेगवेगळ्या सिग्नलने जातात) नेले असता प्रत्येक अक्षराच्या डावीकडे लाल आणि उजवीकडे निळी कड दिसत असे. कनेक्टर पुन्हा बसवले, ऑटो-ॲडजस्ट वापरले, गेन (सिग्नलची तीव्रता) वाढवला. काहीच बदलले नाही. दोन आठवडे यातच गेले, याची खंत वाटते. लॅपटॉप छोट्या केबलने थेट जोडल्यावर मात्र चित्र स्वच्छ आले, म्हणजे प्रोजेक्टर निर्दोष होता.

एकमेकांतील हस्तक्षेप टाळण्यासाठी कॅट-५ई केबलमधील चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे तारांची प्रत्यक्ष लांबी बदलते आणि प्रत्येक रंग वेगळ्या जोडीवरून जात असल्याने रंग वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. मानकानुसार 100 मीटरला 45 नॅनोसेकंदांपर्यंत फरक चालतो, आणि या चित्राच्या 65 मेगाहर्ट्झ पिक्सेल-वेगाला एक पिक्सेल जेमतेम 15.4 नॅनोसेकंदांचा असतो. डेटासाठी हा फरक निरुपद्रवी आहे, चित्रासाठी नाही.

शेवटी स्क्यू-दुरुस्तीची (रंगांच्या पोहोचण्याच्या वेळेतील फरक भरून काढण्याची) सोय असलेला रिसीव्हर बसवला. आधी केबल-भरपाई (लांब केबलमध्ये क्षीण झालेला सिग्नल सावरणारी सोय) लावून कडा तीक्ष्ण केल्या, कारण पुसट रेषेवरून अंतर मोजता येत नाही. मग काळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल रुंदीच्या पांढऱ्या उभ्या रेषा दाखवल्या. सर्वांत उजवीकडचा, म्हणजे सर्वांत उशिरा येणारा निळा रंग शून्यावर ठेवून लाल व हिरव्याचा विलंब प्रत्येक वेळी 2 नॅनोसेकंदांनी वाढवत नेला. लाल 30 वर आणि हिरवा 14 वर आल्यावर रेषा पूर्ण पांढरी झाली.