प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठी भाषाविज्ञानात पदव्युत्तर पदवी घेताय? या चुका टाळा

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात असलेल्या एका शिक्षिकेचा पाठ मी वर्गात मागे बसून पाहत होते. समोर दिवसभराचं काम उरकून आलेले दहा-बारा प्रौढ विद्यार्थी. त्यातला एक जण स्वतःची ओळख करून देताना म्हणाला, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स.’ शिक्षिका लगेच फळ्याकडे वळली आणि टेन्स (काळ) वेगळा, आस्पेक्ट (क्रिया चालू आहे की पूर्ण, हे दाखवणारं रूप) वेगळा हे समजावू लागली. तिने सांगितलं त्यात चूक काहीच नव्हतं. पण थोड्या वेळाने त्या माणसाने तेच वाक्य पुन्हा जसंच्या तसं म्हटलं.

त्याच्या मनात ‘पाच वर्षांपासून राहतोय’ हे वाक्य होतं. मराठीत ‘२०२० पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’ चालतं, आणि ‘राहतोय’ सरळ वर्तमानकाळात आहे. म्हणजे तो गोंधळलेला नव्हता, उलट अगदी नियमाने चालला होता. विद्यार्थ्याच्या चुकीतून तो भाषा कशी जुळवतोय ते दिसतं, असं भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलं. १९७२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि नवी भाषा यांच्या मधल्या या अवस्थेला ‘इंटरलँग्वेज’ म्हटलं. त्या शिक्षिकेने याच विषयावर निबंध लिहिला होता, गुणही चांगले मिळाले होते. तो निबंध आणि समोरचा माणूस यांची गाठ मात्र कुणी घालून दिली नव्हती.

ही गाठ घालून देणारा अभ्यासक्रम कसा ओळखायचा, हे प्रवेश घेण्याआधीच पाहावं लागतं. बहुतेक चुका तिथेच होतात.

नावावरून अभ्यासक्रम निवडणे

इंग्रजी साहित्यातलं एम.ए., भाषाविज्ञानातलं एम.ए., उपयोजित भाषाविज्ञानातलं एम.ए. आणि टेसॉलचं (म्हणजे इतर भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवण्याचं) एम.ए. या चार वेगळ्या वाटा आहेत. निव्वळ भाषाविज्ञानात वाक्यरचनेच्या आकृत्या, अर्थविचार, भाषांचा इतिहास असं पुष्कळ काही येतं. मला तो अभ्यास मनापासून आवडतो, पण त्यात ‘शिकवणे’ हा शब्द वर्षभरात एकदाही न येणं शक्य आहे. उपयोजित भाषाविज्ञानातही भाषाधोरणापासून भाषांतरापर्यंत काहीही असू शकतं. म्हणून नाव बाजूला ठेवा आणि विषयांची यादी मागवा. दुसरी भाषा कशी आत्मसात होते, उच्चारशास्त्र, शिकवण्यासाठी लागणारं व्याकरण आणि मूल्यमापन हे चार विषय त्यात दिसले पाहिजेत.

प्रात्यक्षिकाबद्दल न विचारणे

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. अनेक एम.ए. अभ्यासक्रमांत खऱ्या विद्यार्थ्यांसमोरचा एकही पाठ नसतो. काही ठिकाणी सहाध्यायीच विद्यार्थी बनून बसतात, पण ज्याला इंग्रजी येतं त्याला इंग्रजी शिकवून दाखवण्यात हाती काय लागणार? प्रौढांना शिकवणाऱ्या चांगल्या संस्था नेमणुकीच्या वेळी प्रशिक्षकाने पाहिलेल्या, गुण दिलेल्या पाठांबद्दल विचारतात.

प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठीच्या केंब्रिजच्या सेल्टा प्रमाणपत्रात किमान १२० तासांचा अभ्यास असतो आणि त्यात खऱ्या प्रौढ वर्गासमोर ६ तास शिकवावं लागतं. यातला १२० हा आकडा आता असंख्य ऑनलाइन जाहिरातींत दिसतो. ते ६ तास बऱ्याच जाहिरातींत नसतात. आधी ते शोधा.

ब्रिटनच्या पात्रताचौकटीत सेल्टा पाचव्या पातळीवर आहे आणि डेल्टा, म्हणजे अनुभवी शिक्षकांसाठीची केंब्रिजचीच पुढची पदविका, सातव्या, म्हणजे एम.ए.च्याच पातळीवर. त्यामुळे ‘डेल्टा म्हणजे एम.ए.च’ असा समज पसरतो. पातळी सारखी असली तरी डेल्टाने पदवी मिळत नाही. जिथे एम.ए. हीच अट आहे, तिथे डेल्टा पुरेल असं गृहीत धरू नका. काही विद्यापीठं मात्र डेल्टा झालेल्यांना एम.ए.च्या क्रेडिटमध्ये सूट देतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

एम.ए. आधीच झालं असेल आणि पाठ एकही दिला नसेल, तर हताश होऊ नका. सेल्टा करा, किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं तशाच प्रकारचं प्रमाणपत्र, सर्टटेसॉल. त्यातही ६ तासांचं प्रात्यक्षिक असतं. शिकवण्याचा अनुभव गाठीशी असेल तर डेल्टाकडे वळा. त्याचे तीन भाग स्वतंत्र आहेत आणि कोणत्याही क्रमाने करता येतात. परीक्षेचा पहिला भाग अडला तरी पाठांचा दुसरा भाग हुकत नाही.

आणखी एक गोष्ट. टेसॉलचं एम.ए. म्हणजे शाळेत शिकवण्याचा परवाना नव्हे. बऱ्याच देशांत तो वेगळा काढावा लागतो.

वर्गात परिभाषा नेणे

आता त्या ‘सिन्स फाइव्ह इअर्स’कडे परत येऊ. तिथे काय करता आलं असतं? फळ्यावर एक आडवी रेघ. एका टोकाला ठिपका आणि वर ‘सिन्स २०२०’. ठिपक्यापासून आजपर्यंत कंस आणि त्यावर ‘फॉर फाइव्ह इअर्स’. मग त्याच्याकडून स्वतःबद्दलची तीन खरी वाक्यं: राहतो कधीपासून, नोकरी किती वर्षं, लग्नाला किती झाली. ‘हॅव बीन लिव्हिंग’ त्यात आपोआप येतं. आस्पेक्ट हा शब्द उच्चारायचीही गरज नाही. तो शिक्षकाच्या डोक्यात पक्का हवा, कारण त्याशिवाय रेघ कुठे ओढायची हेच कळत नाही.

उच्चारांचंही तसंच. ‘व्हेस्ट’ (vest) आणि ‘वेस्ट’ (west) यांतला फरक विद्यार्थ्याला ऐकूच येत नसेल, तर ध्वनिचिन्हांचा तक्ता दाखवून भागत नाही. पहिल्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आरसा हातात द्या आणि आधी फक्त ऐकून ओळखायला सांगा, बोलणं नंतर.

प्रबंधाचा विषय फार मोठा घेणे

ब्रिटनमधल्या एम.ए.त साधारणपणे १८० क्रेडिट असतात आणि बहुधा त्यातले ६० प्रबंधाचे. ‘प्रौढांची प्रेरणा’ असा विषय घेतलात तर वाचनातच महिने जातील. ‘एका वर्गातले विद्यार्थी चूक दाखवल्यावर स्वतःचं वाक्य दुरुस्त करतात का’ हा विषय पेलवतो. स्वतःच्या विद्यार्थ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करणार असाल, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती आधी घ्या. मंजुरीपूर्वी जमवलेली सामग्री सहसा वापरू देत नाहीत, आणि तोवर सत्र संपून वर्ग पांगलेला असतो. संमतीपत्र विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत लिहा, गरज पडली तर त्याच्या मातृभाषेत.